सुमनच्या नावापुढचं टिंब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिची वेणी. हात वर धरले की तिला दम लागायचा, म्हणून त्या हिवाळ्यात वेणी घालायचं काम माझ्याकडं आलं होतं. चुलीपुढं ती पाटावर बसायची, पाठ माझ्याकडं करून, आणि मी मागं उकिडवा. म्हशीचं दावं वळत वाढलेला माणूस मी. बायकोचे केसही तसेच वळायचो, घट्ट. "अहो, म्हैस न्हाई मी, जरा सैल," असं ती म्हणायची आणि मी म्हणायचो, "हलू नको, सुटून जाईल." माझी माय भाकरी थापता थापता तोंड फिरवायची. "गडी बायकूची येणी घालून राहिला. हेच बघायचं राहिलं व्हतं माझं." त्या दिवशीही एवढंच बोलणं झालं. कारळाची चटणी, दोन भाकरी आणि रात्रीचं बेसन तिनं फडक्यात बांधलं. मी सायकल काढली, ती मागं बसली. नाल्याजवळच्या चढाला मी उतरलो आणि तिला उतरू न देता सायकल ढकलत नेली. रोजचंच होतं सगळं. शेवटचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. असतं तर मी वेणी सैल घातली असती.

मी चौथी शिकलो. पाचवीच्या मास्तरांनी कानाखाली मारली आणि मी दप्तर तिथंच टाकून म्हशी वळायला गेलो, ते परत शाळेत गेलोच नाही. सुमन दहावी पास होती. तिचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. ते वारले तेव्हा त्यांच्या जागी घरातलं कुणीतरी घ्यायचं होतं. भाऊ लहान होता, म्हणून सुमनला घेतलं, पण हंगामी. हंगाम चालू तवर काम, हंगाम संपला की घरी. तिला ऊस विभागात मशीनवर बसवलं. कोणाचा किती ऊस, कोणत्या गटातला, कधीची लागण, हे सगळं ती बोटांनी त्या पडद्यावर चढवायची. मी त्याच कारखान्यात शिपाई होतो, कॉम्प्युटरच्या खोलीवर. लोक चिडवायचे. कँटीनवाला मला चहाची किटली देताना हमखास म्हणायचा, "काय गंगाधर, बायको खुर्चीवर अन् तू स्टुलावर?" मी म्हणायचो, "स्टूल उंच असतंय खुर्चीपेक्षा." मला खरंच वाईट वाटत नव्हतं. हट्टा गावच्या बाजाराला गेलो की मीच आपणहून सांगायचो, बायको मशीनवर असते म्हणून.

हंगामात आमच्या घराला मळीचा वास असायचा. कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा. कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ होतं. पहाटेपासून बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यानं चालू व्हायचा, मग ट्रॅक्टर, त्यांची मोठ्यानं लावलेली गाणी, आणि त्यामागून उसाचे हिरवे शेंडे, वाढं, गोळा करत पळणाऱ्या बाया. सुमनला काकवी फार आवडायची. गुऱ्हाळावरून कुणी आणून दिली की भाकरीच्या वरच्या पापुद्र्याखाली ओतायची आणि मायला चोरून खायची. माय म्हणायची, "चोरून काहून खातीस? तुलाच ठिवली हाय." ती म्हणायची, "चोरून गोड लागते, आत्याबाई." आता घरी काकवी येते. पुतण्या आणतो. मी ती शेजारच्या लेकरांना देऊन टाकतो.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे कारखान्यातली एकच थंड जागा. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. शेतकीअधिकारी आले तरी त्यांना बूट काढावे लागायचे, आणि मोज्याला भोक असलं की ते दारातूनच बोलायचे. आत एक मोठं मशीन होतं आणि त्याच्यावरून तारा गेलेल्या होत्या. एक वजनकाट्यावर, एक स्टोअरला, दोन हिशेब विभागात, दोन ऊस विभागात. एका विहिरीवर साऱ्या गल्लीनं दोर टाकावेत तसा प्रकार. प्रत्येकाच्या टेबलावर नुसता पडदा आणि बटणं, डोकं मात्र सगळ्यांचं या एका खोलीत. ही सगळी समज मला कदमसाहेबांनी दिली. नांदेडहून आलेले तरुण साहेब, कॉम्प्युटर शिकलेले, स्वभावानं गरीब. संध्याकाळी मोठं मशीन बंद करायच्या आधी बघावं लागायचं की आत कोण कोण आहे. कुणी आत असताना बंद केलं तर त्याचं निम्मंशिम्मं काम पाण्यात जायचं. साहेबांना नांदेडची गाडी धरायची असायची, म्हणून एक दिवस त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

"गंगाधर, ही तीन बटणं दाब. त्याचा अर्थ, कोण? आपण मशीनला विचारतोय, आत कोण कोण बसलंय."

"अन् मशीन सांगतंय?"

"खोटं बोलत नाही ते. जितके आत तितकी नावं. एकेकाकडं जायचं, निघा म्हणायचं. यादी रिकामी झाली की मला हाक मार."

मला इंग्रजी येत नव्हतं. तरी मी नावं चेहऱ्यावरून ओळखावीत तशी ओळखायला लागलो. लांबलचक ते हिशेबवाले, आखूड ते वजनकाटा. सुमनचं नाव मी सगळ्यात आधी शिकलो. पहिलं अक्षर अळीसारखं वळवळणारं, मग बिनकडीची बादली, मग दोन कमानी, एक पोटुशी, शेवटी एक कमान. माझ्या आयुष्यात वाचलेला पहिला इंग्रजी शब्द माझ्या बायकोचं नाव आहे. घरी येऊन राखेत बोटानं काढून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला.

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की नावांच्या ओळीत शेवटी कुठं टिंब असतं आणि कुठं आकडे. कदमसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, टिंब म्हणजे तो माणूस आत्ता या घडीला बटणं दाबतोय. हात थांबले की टिंब जातं आणि आकडा येतो, किती वेळ झाला थांबून त्याचा. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. साहेब बाहेर गेले की मी तीन बटणं दाबायचो आणि सुमनच्या ओळीत शेवटी काय आहे ते बघायचो. ऊस विभाग मैदानाच्या पल्याड होता, मधी उसाच्या गाड्यांची रांग. ती मला दिसायची नाही, पण तिची बोटं चालू आहेत हे इकडं बसून कळायचं. एवढं सुख मला पुरत होतं.

कारण सुमन आजारी होती. लहानपणी सांधे सुजायचे, त्याची तकलीफ हृदयाला गेली, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आतली झडप आवळली होती. लेकरू होऊ देऊ नका, ऑपरेशन करा, असं म्हणाले. लेकराचं ऐकून ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली, मग उठली आणि म्हणाली, "चला, चहा घेऊ." परत तो विषय तिनं काढला नाही. ऑपरेशन मुंबई-पुण्याकडं व्हायचं. आमच्यासारख्यांना ते कारखान्याच्या मदतीशिवाय होणारं नव्हतं, आणि मदत फक्त कायम कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना. मीही हंगामीच होतो, पण माझं नाव कुठंच लागत नव्हतं. तिचं लागत होतं. वडिलांच्या जागेवरची होती आणि काम चोख होतं. त्या हंगामात तिचा एकही खाडा पडला नाही तर तिला कायम करणार, असा शब्द मिळाला होता. म्हणून ती तापात जायची, दम लागला तरी जायची. मी म्हणायचो, आज राहू दे. ती म्हणायची, "हंगाम निघू द्या. मग झोपायचंच हाय मला दवाखान्यात."

त्याच हंगामात नवे कार्यालय अधीक्षक आले. कोण काम करतं आणि कोण नाही ते त्यांना खुर्चीवरून न उठता बघायचं होतं. कदमसाहेबांनी सरळ मनानं त्यांना ती यादी दाखवली. झालं. अधीक्षकांचा हुकूम सुटला की यादी छापून टेबलावर आणून ठेवायची, दिवसातून कितीतरी वेळा. ज्याच्या नावापुढं मोठा आकडा त्याचा अर्धा दिवस खाडा. लघवीला जायची चोरी झाली. हिशेबाची खोली ऊस विभागाला लागूनच; तिथली एक बाई अंगावर पाजणारी होती, तिची सासू लेकरू घेऊन फाटकाशी यायची. ती बाई एकदा रडत परत आली, पदर ओला, लेकरू उपाशीच परत पाठवलेलं.

यावर तोड सुमननं काढली. ती त्या बाईला म्हणाली, तू जा, तुझं टिंब मी राखते. आणि मधून मधून तिच्या मशीनचं लांब बटण दाबत राहिली. पडद्यावर नुसती रिकामी जागा सरकायची, काम काहीच नाही, पण मशीनला वाटायचं बाई बसलेली आहे. आठ दिवसांत सगळ्या कारखान्यात तीच रीत पडली. "जरा टिंब राख गं," म्हणून उठायचं. वजनकाट्यावरचे गडी तंबाखू मळायला उठायचे तेव्हा, शबाना नमाजाला उठायची तेव्हा. शबाना म्हणजे सुमनच्या शेजारच्या मशीनवरची पोरगी, रहीमचाचा पिंजाऱ्याची. सुमनला 'सुमनबाजी', म्हणजे थोरली बहीण, म्हणायची आणि तिच्या डब्यातलं बेसन हक्कानं खायची.

मला हे सुमननंच घरी सांगितलं, हसत हसत. मी म्हणालो, "म्हंजी मी तिकडं बघून राहिलो ते टिंब खोटं?"

"बाकीच्यांचं असंल. माझं माझंच असतंय. मी कुणाला राखू देत न्हाई."

"काहून?"

"तुमी बघत असता म्हणून."

मी विश्वास ठेवला. आता भाच्या-पुतण्यांच्या मोबाईलवर नावाजवळ हिरवं टिंब दिसतं. पोरं म्हणतात, बघा काका, आत्या जागी आहे. मी म्हणतो, फोन करून आवाज ऐका. ते हसतात. हसू दे.

वेणी घातली त्या शेवटच्या दिवशी मी सकाळपासून यादी छापून अधीक्षकांकडं नेत होतो. दुपारच्या भोंग्याला सुमन नेहमीच्या झाडाखाली डबा घेऊन आली नाही. शबाना डबा घेऊन आली आणि म्हणाली, "बाजी बोली, भैयाला सांग, काम लई हाय, तुमी जेवून घ्या." मी एकटा जेवलो. तिची भाकर फडक्यात गुंडाळून ठेवली. परत खोलीत गेलो आणि आधी यादी काढली. सुमनच्या नावापुढं टिंब. दुपार कलली, मी परत बघितलं. टिंब. उन्हं मागच्या खिडकीत आली तरी टिंब. मी मनात म्हणालो, आज बाई जोरात आहे. कदमसाहेबांना म्हणालोसुद्धा, "साहेब, आमच्या घरच्यांचं बघा, दिवसभर हात थांबला न्हाई." ते म्हणाले, "तिला कायम नाही केलं तर मीच भांडतो." आम्ही दोघं खुश झालो. चहा घेतला.

संध्याकाळी बंद करायची वेळ झाली. मी यादी काढून एकेकाकडं जायला लागलो. स्टोअर निघालं, हिशेब निघाला, वजनकाट्याची पाळी बदलायची होती, नव्या पाळीला जरा थांबा म्हटलं. परत येऊन बघितलं तर सुमन आतच, आणि पुढं टिंब. मी मैदान ओलांडून ऊस विभागात गेलो. जाताना मोठ्यानं म्हणालो, "निघा आता मॅडम, कारखाना तुमच्या नावावर करून देणार न्हाईत ते."

खोलीत शबाना एकटी. दोन मशीनच्या मधी खुर्ची ओढून बसलेली. उजवा हात तिच्या मशीनवर, डावा सुमनच्या. मला बघून तिचा डावा हात एकदम मागं आला.

"सुमन कुठं हाय?"

"भैया, मागं हाय. झोपलीय. दुपारपासून थकली व्हती, दम लागत व्हता. मी म्हटलं भैयाला बुलाऊ, तर शपथ घातली. बोली, त्यानला कळलं की ते घरी नेतील, खाडा पडंल. तू फक्त टिंब राख. मी दोनदा बघितलं, भैया. नींद लागली व्हती. मी उठवलं न्हाई."

मागच्या खोलीत नवं बारदान रचून ठेवलेलं असायचं. त्या पोत्यांच्या थप्पीवर सुमन कुशीवर झोपली होती, हात गालाखाली. मी हाक मारली. खांदा धरला. थंडीचे दिवस, म्हणून मला वाटलं अंग थंडीनं गार आहे. परत हाक मारली. मग मी तिला उचललं. ती इतकी हलकी होती हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं सायकलवर मागं बसवून.

कारखान्याच्या जीपमधून वसमतच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळ्यात बॅटरी मारली आणि माझ्याकडं न बघता कदमसाहेबांशी बोलले. दुपारीच कधीतरी गेली, असं म्हणाले. म्हणजे मी तिची भाकर फडक्यात गुंडाळली तेव्हा गेलेली असेल, किंवा चहा घेतला तेव्हा. मी तो हिशेब पुष्कळदा करून बघितला. लागत नाही.

अंधार पडल्यावर घरी आणलं. रात्री नेत नाहीत, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. सोयरे आले. सुमनचा भाऊ विठ्ठल आला, तो आता मिसरूड फुटलेला गडी झाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि उठून उभा राहिला. "त्या पोरीनं मारली माझ्या बहिणीला. शेजारी बहीण मरून राहिली अन् ही बटणं दाबून राहिली." बाया हो म्हणाल्या. कुणी म्हणालं, पोलिसात द्या. कुणी शबानाच्या जातीधर्मावर आलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही. माय सुमनच्या उशाशी बसून तिच्या तोंडावरची माशी हाकलत होती. थंडीत माशी नव्हतीच.

लोक मला आजही सांगतात, गंगाधर, कुणाची चूक नव्हती. चूक नव्हती तर माणूस कसं मेलं? चूक होती, पण ती वाटून घ्यायला गेलं तर सगळ्यांना थोडी थोडी येते. अधीक्षकाला येते, डॉक्टरला येते, झडपेला येते, मला येते, आणि सुमनला सगळ्यात जास्त येते, कारण खोटं ती बोलली. मेलेल्या माणसावर कोण राग धरतो? मी धरतो. अजून धरतो. तिनं शपथ घालायला नको होती.

सकाळी दिसायला लागलं तसा मी उठलो. बाया पाणी तापवत होत्या. तिला न्हाऊ घालायचं होतं. मी पायात चपला घातल्या आणि कुणाला न सांगता बाहेर पडलो. विठ्ठलला वाटलं मी ओढ्याकडं निघालो. मी रहीमचाचाच्या घरी गेलो. त्यांच्या दारात रोज सकाळी कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज असायचा. त्या दिवशी नव्हता. चाचा दारातच उभे होते, मला बघून दोन्ही हात जोडले. "गंगाधरभाई, बच्ची है. माफ करो. रातभर पानी भी नहीं पिया उसने."

"तिला बाहेर बोलवा."

चाचांनी हाक मारली, पण ती येईना. शेवटी मीच आत गेलो. कोपऱ्यात कापसाच्या ढिगामागं बसली होती, तोंड गुडघ्यात. डावी मूठ उजव्या हातानं आवळून धरलेली.

"शबाना."

"भैया, मैंने मारा बाजी को. दोनदा बघितलं मी. दुसऱ्यांदा बघितलं तवा..." तिनं तोंड परत गुडघ्यात घातलं.

"मीबी दिवसभर बघत व्हतो," मी म्हणालो. "ऊठ."

"कुठं?"

"घरी. तिला न्हाऊ घालायचंय."

तिनं वर बघितलं. "मी? तुमचे लोक मला..."

"आमच्या लोकांचं मी बघतो. तू तिला बाजी म्हणायचीस ना? तुझ्याबिगर पाणी घालू देणार न्हाई मी. ऊठ, पाणी निवून राहिलं."

ती उठली. मी पुढं, ती मागं, डोक्यावरून ओढणी घट्ट धरलेली. रस्त्यानं उसाच्या गाड्या नेहमीसारख्या चाललेल्या. कुणीतरी ओळखीचा गाडीवाला "रामराम गंगाधर" म्हणाला, त्याला माहीत नव्हतं. मीही रामराम केला.

अंगणात माणसं जमली होती. ती बघून शबाना थबकली. विठ्ठल दारात आडवा आला. "हिला काहून आणली, दाजी?"

"पाणी घालायला."

"मी आत जाऊ देणार न्हाई."

"विठ्ठल," मी म्हणालो, "तुझी बहीण जाताना जिच्या भरोशावर झोपली ती ही पोरगी हाय. सरक."

तो सरकला नाही. आम्ही तसेच उभे राहिलो, तो दारात, मी पायरीवर, मागं शबाना. तेव्हा आतून माय आली. तिनं विठ्ठलच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला केलं, शबानाचा दंड धरला आणि मला म्हणाली, "तू काय बघून राहिलास? गड्यांनी बाहेर थांबायचं असतंय." तिनं शबानाला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसलो. विठ्ठल माझ्याशेजारी येऊन बसला, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, तो त्यानं काढून घेतला नाही. आत घंगाळात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि मग पाणी पडल्याचा.